मोटर विहिरीत, स्टार्टर धुऱ्यावर

अमरावतीच्या डफरीनमध्ये किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये एखादं बाळ सिकलसेल घेऊन जन्माला येतं. जनुकाची बिघडलेली एक प्रत आईकडून, दुसरी वडिलांकडून. आशाताईंच्या भाषेत ‘एसएस’. पण बाळाकडे बघाल तर चांगलं गुटगुटीत! दूध पितं, हसतं, पालथं पडायला शिकतं. चार-सहा महिने घरात कुणाला शंकासुद्धा येत नाही. मग कधीतरी हातापायांची बोटं टम्म सुजतात, बाळ रडून आकांत मांडतं आणि आजार पहिल्यांदा तोंड दाखवतो.

असं काऊन? बिघाड काही सहाव्या महिन्यात झालेला नाही. गर्भ राहिला त्या क्षणापासून तो पेशीपेशीत होता. मग इतके दिवस गप्प कसा बसला?

१९४८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी हे हेरलं. त्यांनी सुचवलं, की तान्ह्या बाळाच्या रक्तात पोटात असतानाचं हिमोग्लोबिन अजून शिल्लक असतं आणि तेच त्याला सांभाळून घेतं. अंदाज अचूक निघाला. त्या अंदाजाचा माग काढत गेलं, तर आपण पोचतो डीएनएच्या अशा भागात, ज्याला शास्त्रज्ञांनीच एके काळी भंगारात काढलं होतं.

आधी हिमोग्लोबिन काय ते बघू. तांबड्या पेशीत ऑक्सिजन वाहून नेणारं हे प्रथिन चार साखळ्यांचं असतं : दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीत १४६ दुवे. त्यातला सहावा दुवा चुकीचा बसला की सिकलसेल. आणि तो चुकीचा बसायला डीएनएतलं फक्त एक अक्षर बदलावं लागतं, ‘ए’च्या जागी ‘टी’. तीनशे कोटी अक्षरांत एक! ऑक्सिजन सोडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांबलांब काड्या धरतं, गोल लवचिक पेशी विळ्याच्या आकाराची आणि ताठर होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. ज्या जागी अडकते तिथे कळा.

पण आईच्या पोटात बाळ बीटा साखळी जवळजवळ वापरतच नाही. तिथे दोन अल्फांच्या जोडीला दोन गॅमा साखळ्या असतात. आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा, तर आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट पकड हवी, आणि ती या जोडीकडे असते. जन्माच्या वेळी बाळाचं बहुतेक हिमोग्लोबिन हेच. पुढच्या काही महिन्यांत गॅमा हळूहळू बंद होतं, बीटा हळूहळू चालू होतं. बीटा चांगलं असेल तर ही अदलाबदल कुणाच्या लक्षातही येत नाही. बिघडलेलं असेल तर त्याच सुमाराला बोटं सुजतात.

इथे जरा थांबा, कारण पहिलं नवल इथेच आहे. अकराव्या गुणसूत्रावर बीटा कुटुंबातली पाच जनुकं एका ओळीत उभी आहेत. गर्भाच्या अगदी पहिल्या आठवड्यांत चालणारं एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. आयुष्यात ज्या क्रमाने त्यांची पाळी येते, त्याच क्रमाने ती डीएनएवर मांडलेली आहेत!

आणि दुसरं नवल आकड्यांत आहे. हा सगळा पट्टा सुमारे ७० हजार अक्षरांचा. त्यात पाचही जनुकांचा मिळून प्रथिन बनवायचा प्रत्यक्ष मजकूर किती? जेमतेम सव्वादोन हजार अक्षरं. मग बाकीच्या अक्षरांचं काम काय?

हाच प्रश्न आपल्या अख्ख्या डीएनएला विचारता येतो. माणसाकडे प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २० हजार. त्यांचा कामाचा मजकूर जेमतेम दीड टक्का. उरलेल्या ९८ टक्क्यांहून अधिक मजकुरातून एकही प्रथिन बनत नाही. १९७२ साली सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने त्याला ‘जंक’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

शेतकऱ्याला मात्र यातली मेख लगेच कळेल. मोटर विहिरीत असते, ती चालू-बंद करणारा स्टार्टर धुऱ्यावरच्या खोपडीत. स्टार्टर स्वतः थेंबभर पाणी ओढत नाही. पण वावरात पाणी कधी येणार, किती वेळ येणार आणि कोणत्या विहिरीतून येणार, हे ठरतं स्टार्टरवर. जनुकं या मोटारी. त्यांचे स्टार्टर त्या ९८ टक्क्यांच्या पसाऱ्यात विखुरलेले आहेत.

किती लांब विखुरलेले? बीटाच्या मोठ्या स्टार्टरचंच बघा. तो बीटापासून ५० ते ६० हजार अक्षरांवर आहे, एप्सिलॉनच्याही पलीकडे. इतक्या लांबून तो बीटाला चालू कसं करतो? डीएनए वाकतो! मधला सगळा मजकूर वळसा होऊन बाजूला राहतो आणि स्टार्टर जनुकाला जाऊन प्रत्यक्ष भिडतो. गर्भात तो गॅमाला भिडतो, जन्मानंतर बीटाला. तुमच्या हाडांच्या पोकळीत, रक्तपेशी तयार होतात तिथे, हे वळसे आत्ता, हे वाक्य वाचतानाही पडताहेत.

आता वऱ्हाडाकडे वळू. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतात सिकलसेल असल्याची नोंद केली. पुढे विदर्भातल्या आदिवासी आणि बिगरआदिवासी अशा अनेक समाजांत तो सापडत गेला. त्याचं कारण मलेरियात आहे. बिघडलेली एकच प्रत असलेल्याला, म्हणजे ‘एएस’ माणसाला, मलेरिया मारून टाकायची शक्यता कमी असते. हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. डासांच्या मुलखात या अक्षराने माणसं जगवली, म्हणून ते टिकलं. दोन प्रती एकत्र आल्या की त्याची किंमत मोजावी लागते.

पण डॉक्टरांना एक गोष्ट खटकत होती. अक्षर तेच, जागा तीच, तरी आफ्रिकी वंशाच्या रुग्णांना होणारा त्रास आणि भारतातल्या पुष्कळ रुग्णांना होणारा त्रास सारखा का नाही?

उत्तर त्या अक्षराच्या शेजारात होतं. डीएनए पिढ्यान् पिढ्या लहानमोठ्या तुकड्यांनी पुढे जातो. त्यामुळे बिघडलेल्या अक्षराच्या आजूबाजूची, प्रथिनाशी संबंध नसलेली अक्षरंही त्याच्यासोबत येतात. ती वाचली की हा तुकडा कोणत्या घराण्यातला ते कळतं. आफ्रिकेत अशी घराणी सापडली : सेनेगल, बेनिन, बांटू, कॅमेरून. आणि १९८६ साली आंद्रेआस कुलोझिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की सौदी अरेबियाचा पूर्व भाग आणि भारत यांचं घराणं एकच आहे, आणि ते आफ्रिकी घराण्यांहून वेगळं आहे. त्याला म्हणतात अरब-भारतीय. मेळघाटच्या पायथ्याशी राहणारा एखादा रुग्ण आणि पर्शियन आखाताच्या काठी खजुराच्या बागेत राहणारा रुग्ण : भाषा वेगळी, धर्म वेगळा, जेवण वेगळं. पण अकराव्या गुणसूत्रावरचा तो एक तुकडा दोघांना एकाच पूर्वजाकडून आलेला!

या तुकड्यात एक खास अक्षर आहे. गॅमा जनुक सुरू होण्याच्या १५८ अक्षरं आधी ‘सी’च्या जागी ‘टी’. कुठल्याही प्रथिनात त्याचा मागमूस नाही. पण त्यामुळे मोठेपणीही गॅमाची मोटर पुरती बंद होत नाही. सर्वसाधारण मोठ्या माणसात हे गर्भातलं हिमोग्लोबिन एक टक्क्याच्या आसपास उरतं. बेनिन किंवा बांटू घराण्यातल्या सिकलसेलच्या रुग्णांत ते सहसा पाच-दहा टक्के सापडतं. अरब-भारतीय घराण्यातल्या अनेक रुग्णांत ते १५-२० टक्के किंवा त्याहूनही अधिक असतं. हे हिमोग्लोबिन काड्यांच्या जुडग्यात सामील होत नाही, उलट जुडगं जमूच देत नाही. तान्हेपणीचं संरक्षण थोडंफार आयुष्यभर टिकतं.

म्हणून आपल्याकडचा सिकलसेल सौम्य, असं समजून मात्र निर्धास्त राहू नका. विदर्भातल्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरांना यातली कित्येक मुलं चांगलीच आजारी पडताना दिसली आहेत. एकाच घरातली दोन भावंडं घ्या. दोघंही एसएस, दोघांकडेही तोच अरब-भारतीय तुकडा. तरी एक वारंवार भरती होतं आणि दुसरं शाळेत कबड्डी खेळतं, असंही घडतं. म्हणजे आणखी कुठेतरी आणखी स्टार्टर असणार!

होतेच. सापडले ते मात्र भलत्याच ठिकाणी.

२००७-०८ च्या सुमाराला संशोधकांनी उलटा विचार केला. ज्यांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन इतरांपेक्षा जरा जास्त आहे, त्यांच्या डीएनएत काय वेगळं आहे ते शोधू. बोट गेलं ते थेट दुसऱ्या गुणसूत्रावर. अकरावं कुठे नि दुसरं कुठे! तिथे बीसीएल११ए नावाचं एक जनुक आहे. त्याचं प्रथिन मोठेपणी गॅमाला दाबून ठेवतं. लोकालोकांत फरक होता तो या जनुकाच्या मजकुरात नव्हे, तर मजकुराच्या मधल्या, प्रथिन बनवताना कापून फेकून दिल्या जाणाऱ्या भागात. २०१३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवलं, की त्या फेकाऊ भागातच या जनुकाचा एक स्टार्टर दडलेला आहे, आणि तो चालतो फक्त तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींत.

हे ‘फक्त’ फार मोलाचं आहे. बीसीएल११ए एकट्या रक्तासाठी नाही. मेंदूच्या वाढीला ते लागतं, प्रतिकारशक्तीच्या पेशींना लागतं. या जनुकाची एक प्रतच जन्मतः मोडलेली असते अशी काही माणसं आहेत. त्यांचं गर्भातलं हिमोग्लोबिन वाढलेलं असतं, पण त्यासोबत बौद्धिक वाढही खुंटलेली असते. ज्यांच्यात केवळ तो रक्तातला स्टार्टर थोडा मंद असतो, त्यांचा मेंदू शाबूत, प्रतिकारशक्ती शाबूत, फक्त गॅमा जास्त. मोटर जाळली तर सगळ्या वावरांचं पाणी तुटतं. एका वावराचा स्टार्टर हलवला तर तेवढ्याच वावरापुरता फरक पडतो.

माणसाने हे ओळखलं आणि थेट तिथेच कात्री लावली. रुग्णाच्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, क्रिस्पर नावाच्या रेणूकात्रीने तो स्टार्टर मोडायचा, बोनमॅरोतली जुनी वस्ती औषधाने रिकामी करायची आणि दुरुस्त पेशी परत सोडायच्या. गॅमा पुन्हा चालू! ‘कॅसजेव्ही’ नावाच्या या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली. क्रिस्परवर आधारलेला मंजुरी मिळालेला हा जगातला पहिला उपचार. आणि गंमत म्हणजे यात सिकलसेलच्या त्या मूळ चुकलेल्या अक्षराला कुणी हातही लावत नाही. चूक अकराव्या गुणसूत्रावर, कात्री दुसऱ्यावर, तीही एकेकाळच्या ‘भंगारा’त. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. वऱ्हाडातल्या रुग्णासाठी आजही भरवशाची ती हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल, आणि तीसुद्धा गॅमाच वाढवते. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजीत स्वदेशी जनुककात्रीवर काम चालू आहे.

आता हीच युक्ती उत्क्रांतीच्या हातात देऊन बघा. १९७५ मध्ये मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांनी माणसाची आणि चिंपांझीची प्रथिनं ताडून पाहिली. ती इतकी सारखी निघाली, की दोघांच्या रूपातला आणि वागण्यातला फरक त्यातून समजावून सांगता येईना. त्यांचा निष्कर्ष : फरक जनुकांत कमी, जनुकं कधी आणि कुठे चालतात त्यात जास्त. आणि ते साहजिकच आहे. दहा ठिकाणी राबणारं जनुक बदललं तर नऊ ठिकाणी नुकसान व्हायचीच भीती. एका जागचा स्टार्टर बदलला तर प्रयोग स्वस्तात होतो.

असे स्वस्तातले प्रयोग तुमच्या-माझ्या शरीरात भरलेले आहेत. दुधाचंच घ्या. अचलपूरचं जुनं नाव एलिचपूर, आणि वऱ्हाडातल्या लांब शिंगांच्या नागपुरी म्हशीला एलिचपुरी असंही म्हणतात. तिचं रेडकू आईचं दूध तोडलं की दुधातली साखर पचवायचं प्रथिन बनवणं कमी करत जातं. सगळ्या सस्तन प्राण्यांचा हाच कायदा. माणसाचाही हाच होता. म्हणूनच अनेकांना मोठेपणी पेलाभर दूध बाधतं, पण दही-ताक चालतं. त्यातली बरीच साखर विरजणातल्या जिवाणूंनी आधीच खाल्लेली असते.

पण काहींना मोठेपणीही तांब्याभर दूध सहज पचतं. २००२ साली फिनलंडच्या संशोधकांना त्याचं कारण सापडलं : एक अक्षर, लॅक्टेज जनुकाच्या सुमारे १४ हजार अक्षरं आधी, तेही शेजारच्या भलत्याच जनुकाच्या फेकाऊ भागात. २००७ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांत त्याच पट्ट्यातली वेगळी अक्षरं सापडली, परिणाम तोच. दोन खंडांत वेगवेगळ्या लोकांनी गुरं पाळली आणि दोन्हीकडे तोच स्टार्टर वेगवेगळ्या हातांनी अडकून राहिला! आणि भारतात? २०११ च्या अभ्यासात आपल्याकडे मुख्यतः युरोपातलंच अक्षर सापडलं. वायव्येकडे ते जास्त आढळतं, आग्नेयेकडे कमी होत जातं. नीट बघा, दूध आणि सिकलसेल, दोन्हीकडे गोष्ट एकच : तान्हेपणीची मोटर वेळेवर बंद झाली नाही, आणि ते फायद्याचं ठरलं.

आणि हे नवे स्टार्टर येतात कुठून? कधी एखादं अक्षर चुकून. कधी मात्र उडी मारून! डीएनएत असे तुकडे आहेत, जे स्वतःची नक्कल करून दुसरीकडे घुसतात. त्यातला ‘आलू’ नावाचा तीनशे अक्षरांचा तुकडा आपल्याकडे दहा लाखांहून अधिक ठिकाणी आहे. डीएनएचा दहावा हिस्सा त्यानेच व्यापला आहे. चिखलदऱ्याला देवी पॉइंटवर तुमच्या हातातलं कणीस पळवणारा वानर आठवा, आणि त्याची लांबलचक शेपूट. आपली कुठे गेली? २०२४ साली ‘नेचर’मध्ये उत्तर आलं. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी आपल्या वानरवंशी पूर्वजात एक आलू उडी मारून शेपटीशी संबंधित जनुकाच्या फेकाऊ भागात बसला. जवळच उलटा पडलेला दुसरा आलू होता. दोघे एकमेकांना चिकटतात आणि मधला तुकडा प्रथिनातून गळतो. असाच बदल उंदरांत केला, तर उंदीर आखूड शेपटीचे किंवा बिनशेपटीचे जन्मले.

उडी मारलेला असाच एक तुकडा वरुड-शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत रोज कामाला येतो. संत्र्याचं कलम बांधायला जंभेरीचं बी पेरतात, तेव्हा एका बीतून दोन-तीन अंकुर निघतात. त्यातले बहुतेक परागाशी संबंध नसलेले, थेट आईची हुबेहूब नक्कल. म्हणून खुंट एकसारखे मिळतात आणि त्यावर डोळा बांधता येतो. २०१७ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं, की लिंबूवर्गातल्या या गुणामागे एका जनुकासमोरच्या चालू-बंदच्या भागात घुसलेला छोटासा तुकडा आहे.

म्हणजे ‘जंक’मध्ये सगळंच कामाचं? तसंही नाही. २०१२ मध्ये एन्कोड नावाच्या मोठ्या प्रकल्पाने ८० टक्के डीएनए काहीतरी करतो असं म्हटलं, आणि वाद पेटला. विरोधकांनी पुढे केला तो कांदा. कांद्याचा डीएनए माणसाच्या पाचपट मोठा आहे. सगळं कामाचं असेल, तर कांद्याला आपल्यापेक्षा पाचपट सूचना कशाला लागतात? उत्क्रांतीने जपून ठेवलेला भाग २०१४ च्या एका हिशेबात आठ टक्क्यांच्या घरात निघाला. पण आठ टक्के म्हणजे प्रथिनांच्या मजकुराच्या पाचपट! पसाऱ्यात अडगळ पुष्कळ आहे, स्टार्टरही पुष्कळ आहेत. शिवाय आलूची गोष्ट सांगते, की आजची अडगळ उद्याचा स्टार्टर होऊ शकते.

तुमच्यात आणि तुमच्या शेजाऱ्यात लाखो अक्षरांचा फरक आहे. त्यातला बहुतेक प्रथिनांच्या मजकुराबाहेरचा. मधुमेह, उंची, रक्तदाब यांच्याशी जोडलेली जी अक्षरं आजवर सापडली, त्यातली बहुसंख्यही बाहेरचीच. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने देशभरातल्या दहा हजार लोकांचा अख्खा डीएनए वाचला, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. कोणत्या समाजात कोणता स्टार्टर कसा अडकलाय, कुठला सिकलसेलच्या पोराला वाचवतो, हे त्यातून शोधायचं काम आत्ता कुठे सुरू होतंय. त्याला पुष्कळ डोकी लागणार आहेत. बारावीला बायॉलॉजी घेतलेल्या वऱ्हाडातल्या पोरापोरींनो, ऐकताय ना?